बँका वाढल्या की नदी स्वच्छ होते की घाण?

शिरोळ तालुक्यातली, अर्थशास्त्रात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी विचारते: वित्तीय क्षेत्राचा विकास झाला की प्रदूषण घटतं असं काही शोधनिबंध सांगतात, काही नेमकं उलटं सांगतात. आमच्या भागात बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या डोळ्यांदेखत वाढल्या आणि पंचगंगेचं पाणी मात्र बिघडतच गेलं. मग प्रबंधात काय लिहू?

मी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. साखर कारखाने, कापड प्रोसेसिंग, फाउंड्री यांचे प्रस्ताव तपासायचे, मंजुरीची टिपणं लिहायची आणि नंतर जागेवर जाऊन पैसा कुठं लागला ते बघायचं, असं ते काम. त्यामुळे माझं उत्तर समीकरणांपेक्षा फायलींमधून आणि कारखान्यांच्या मागच्या बाजूला जे दिसतं त्यातून आलेलं आहे.

आधी निबंधांतल्या विसंगतीबद्दल. ‘वित्तीय विकास’ या नावाखाली उद्योगांना मिळणारं कर्ज, घरांना मिळणारं कर्ज आणि शेअर व रोखे बाजार हे सगळं एकत्र येतं. पुष्कळ निबंध ते एकाच आकड्यानं मोजतात: खासगी क्षेत्राला दिलेलं कर्ज भागिले जीडीपी. प्रदूषणासाठी घेतात दरडोई कार्बन डायऑक्साइड, कारण तो आकडा सगळ्या देशांसाठी तयार मिळतो. आता पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर तरंगणारे मेलेले मासे आणि वातावरणातला कार्बन डायऑक्साइड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक कमी होत असताना दुसरी वाढू शकते, आणि ते मी प्रत्यक्ष बघितलंय. तेव्हा उत्तरं देशागणिक, काळागणिक बदलणारच. संशोधकांनी चुकीचं मोजलं असं मी म्हणत नाही. त्यांनी निरनिराळ्या गोष्टी मोजल्या आणि नाव एकच दिलं.

मला विचाराल तर प्रश्न असा मांडायला हवा: कर्जाचा पैसा कारखान्यात शिरतो तेव्हा तो आधी कशावर खर्च होतो, आणि प्रदूषण झालं तर त्याचा तोटा कर्ज देणाऱ्याला कधी तरी सोसावा लागतो का? या दोन गोष्टी कळल्या की बाकीचं बरंचसं उलगडतं.

तुमच्या पुस्तकांत ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांची तीन अंगांची मांडणी असेलच. 1991 मध्ये नाफ्टा या उत्तर अमेरिकेतल्या व्यापार कराराच्या निमित्तानं त्यांनी ती केली: उत्पादनाचा पसारा वाढला की प्रदूषण वाढतं, अर्थव्यवस्थेची घडण बदलली की ते बदलतं, आणि तंत्र सुधारलं की कमी होतं. मांडणी व्यापाराबद्दलची असली तरी कर्जालाही लागू पडते. माझ्याकडे आलेल्या प्रस्तावांत यातली दोन अंगं बहुधा एकाच फायलीत असायची.

इथेनॉलचं उदाहरण घ्या. 2018 साली केंद्रानं साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींसाठी व्याज सवलतीची योजना आणली. व्याजदराच्या निम्मे किंवा सहा टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढं व्याज सरकार भरणार, हप्ता न भरण्याच्या एक वर्षाच्या मुभेसह पाच वर्षं. सुरुवातीचा अंदाज 4,440 कोटींच्या बँक कर्जाचा होता. याच योजनेत नवी डिस्टिलरी, जुन्या डिस्टिलरीचा विस्तार आणि इन्सिनरेशन बॉयलर हे सगळं बसत होतं. म्हणजे पसारा आणि तंत्र दोन्हींना एकाच खिडकीतून पैसा.

डिस्टिलरीचं सांडपाणी म्हणजे स्पेंटवॉश. पेपरात ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणून येतं ते बहुतेक वेळा हेच. एक लिटर अल्कोहोलमागे तंत्रानुसार साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रसायनांनी ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात जातं. प्रक्रिया करून नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 250 मिलिग्रॅमची. एका रात्रीत चोरून सोडलेले थोडे टँकर कित्येक किलोमीटरचे मासे मारतात, ते उगाच नाही. इन्सिनरेशन बॉयलरमध्ये हा स्पेंटवॉश आटवून, बगॅस (उसाचं चिपाड) किंवा कोळशाच्या जोडीनं जाळतात. वाफ मिळते, वीज मिळते, राखेतलं पोटॅश खत म्हणून विकलं जातं. नदीच्या दृष्टीनं ही फार मोठी सुधारणा आहे. बॉयलर महाग असतो, आणि स्वस्त कर्ज नसतं तर पुष्कळ कारखान्यांनी तो घेतला नसता. पण त्याच पैशानं डिस्टिलऱ्यांची संख्या आणि क्षमताही वाढली. पेट्रोलमधलं इथेनॉल 2022 मध्ये दहा टक्क्यांवर आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं, त्यात अशा कर्जांचा मोठा वाटा. लिटरमागचं प्रदूषण घटलं, लिटर वाढले, आणि पाण्यातलं ओझं काही प्रमाणात चिमणीकडे गेलं. आता ‘वित्तीय विकासानं प्रदूषण वाढलं की घटलं’ याचं एका शब्दात उत्तर कसं देणार?

कोल्हापूरच्या फाउंड्रीचंही असंच. उद्यमनगर आणि शिरोलीत कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्ट्या होत्या. त्यांच्या जागी इंडक्शन भट्ट्या येत गेल्या त्या मुदत कर्जावर. कोल्हापूरच्या फाउंड्री समूहासाठी सिडबी (लघुउद्योगांसाठीची सरकारी वित्तसंस्था) आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं जागतिक बँकेच्या मदतीनं ऊर्जा बचतीचा कार्यक्रमही राबवला. ज्याला बँक दारात उभी करत नाही तो जुनीच भट्टी ओढत राहतो आणि मिळेल ते इंधन जाळतो. कर्ज न मिळणं हेही प्रदूषणाचं एक कारण आहे. तुमच्या निबंधांत ते क्वचित दिसेल, कारण ज्यांना कर्ज मिळत नाही ते आकडेवारीतही नसतात. पण इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला सुमारे 600 युनिट वीज लागते, आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. शिरोलीचं आकाश निवळलं ही तिथं राहणाऱ्यांसाठी खरी गोष्ट, फुप्फुसांचा प्रश्न आहे तो. कोराडी आणि चंद्रपूरच्या चिमण्या मात्र त्या हिशोबात धरायला हव्यात. आणि वितळवण्याचं तंत्र बदललं तरी साच्यांची वापरलेली काळी वाळू कुठं टाकायची हा प्रश्न तसाच राहतो. वाळू पुन्हा वापरण्याच्या प्लँटला कर्ज मागणारे, भट्टीला कर्ज मागणाऱ्यांच्या मानानं नेहमीच थोडे.

ते थोडे का, हे सांगण्यासाठी तुम्हाला प्रकल्प खर्चाच्या तक्त्याकडे नेतो. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथं आहे.

समजा, इचलकरंजीत एक प्रोसेस हाऊस उभं राहतंय, कापड रंगवण्या-धुण्याचं. प्रकल्प 20 कोटींचा. तक्त्यात ओळी येतात त्या अशा: जागा, बांधकाम, यंत्रसामग्री, बॉयलर, विजेची जोडणी, सुरुवातीचे खर्च, खेळत्या भांडवलाचं मार्जिन. आणि खाली कुठं तरी ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, 1 कोटी 20 लाख. प्रस्ताव मंजूर होतो. पैसे कामाच्या प्रगतीप्रमाणे सुटतात: आधी बांधकाम, मग यंत्रांचा ॲडव्हान्स, मग यंत्रं. बांधकाम अंदाजापेक्षा 60 लाखांनी वाढतं. परदेशी यंत्र असेल तर रुपया घसरून आणखी 40 लाख. प्रवर्तकाचा स्वतःचा वाटा तोवर संपलेला असतो. हातात उरतात 20 लाख आणि शिल्लक असते ती ईटीपीची ओळ. मग सल्लागार सुधारित आराखडा आणतो, त्यात टाक्या लहान झालेल्या असतात, पाण्यात हवा सोडणारा एक ब्लोअर कमी झालेला असतो, गाळ दाबण्याचं फिल्टर प्रेस ‘दुसऱ्या टप्प्यात’ गेलेलं असतं. उत्पादन सुरू होतं ते पूर्ण क्षमतेनं, कारण हप्ता सुरू व्हायचा असतो. यात कुणी बसून कट केलेला नसतो. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकानं आपल्या परीनं वाजवी निर्णय घेतलेला असतो, आणि तरी पहिल्या दिवसापासून त्या कारखान्याचं पाणी त्याच्या ईटीपीच्या आवाक्याबाहेर असतं.

यावर उपाय सोपा आहे आणि तो बँकेच्या हातात आहे. मी तो आग्रहानं लावत आलो: ईटीपीची ऑर्डर आणि त्याचं स्थापत्य काम झाल्याशिवाय यंत्रांचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही, आणि खर्चवाढीसाठीची तरतूद ईटीपीलाही लागू करायची. व्याजदरात एक पैशाची सवलत न देता नुसता वितरणाचा क्रम बदलून जेवढं साधतं, तेवढं मोठमोठ्या हरित योजनांतून साधताना मी पाहिलेलं नाही. पक्षकार, म्हणजे कर्जदार, कुरकुर करतात. दुसरी बँक ही अट घालत नाही असं सांगतात, आणि ते खरंही असतं. बँकांमधली स्पर्धा वाढणं हा वित्तीय विकासाचाच भाग ना? तीच स्पर्धा इथं उलट काम करते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. प्रदूषण रोखणं हा एकदाचा खर्च नसून रोजचा आहे, आणि बँकेची नजर एकदाच्या खर्चाकडे असते. ईटीपी उभारायला मुदत कर्ज मिळतं. तो चालवायला लागते वीज, चुना, फेरस, पॉली ही रसायनं, रात्रपाळीचा माणूस, आणि साठलेला गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायचं भाडं. यातून एक मीटर कापडही जास्त विकलं जात नाही. खेळतं भांडवल काढताना बँक सूत, रंग, तयार माल आणि येणी धरते. ईटीपीचा महिन्याचा खर्च वेगळा धरलेला मी फार थोड्या टिपणांत पाहिला. बाजार मंदावला, पेमेंट चार महिन्यांवर गेलं की मालक आधी काय बंद करतो? पगार बंद करता येत नाही, हप्ता चुकवता येत नाही. ब्लोअर बंद करता येतो.

हे जागेवर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गाळ वाळवायचे वाफे बघायचे. त्यात गवत उगवलं असेल तर बऱ्याच दिवसांत तिथं गाळ आलेला नाही. गाळ नाही म्हणजे प्रक्रिया नाही. ब्लोअरच्या स्टार्टरवर धुळीचा थर आहे का बघायचं. एअरेशन टाकीतलं पाणी तपकिरी आणि फसफसतं हवं. ते शांत आणि नितळ रंगीत दिसलं तर त्यातले जिवाणू मेलेले आहेत. लॉगबुकात महिन्याभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या कळतात. आणि सगळ्यांत भरवशाचं म्हणजे ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर आहे का. तो असेल तर युनिट सगळं सांगतात. कर्ज अधिकारी स्टॉक मोजायला दर तिमाहीला जातोच. त्यानं गोदामातून निघून पन्नास पावलं मागे जायचं, एवढंच. ते तो जात नाही, कारण त्याच्या तपासणी अहवालात त्या गोष्टीसाठी रकाना नसतो.

तो रकाना का नाही, तर प्रदूषणामुळे बँकेचं कर्ज बुडेल अशी भीती बँकेला रोजच्या व्यवहारात वाटत नाही. जल कायद्याच्या कलम 33 अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना बंद करायचा, वीज आणि पाणी तोडायचा आदेश देऊ शकतं. असा आदेश खरोखर निघाला आणि टिकला तर तीन महिन्यांत खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं. एखाद्या समूहात बंदची लाट आली की त्या वर्षी बँकांची वागणूक झटक्यात बदलते. कारखाना चालवायला मंडळ देतं त्या संमतीपत्राची मुदत तपासली जाते, ईटीपीच्या सुधारणेसाठी तातडीनं कर्ज निघतं, मंजुरीत नव्या अटी येतात. मग आदेशाला स्थगिती मिळते, कारखाने चालू होतात, आणि दीड-दोन वर्षांत त्या अटी ‘नेहमीचा मजकूर’ होऊन बसतात. म्हणून माझं ठाम मत असं की वित्तव्यवस्था कायद्याचा जोर वाढवते, पण जिथं कायद्याला जोरच नाही तिथं ती तो निर्माण करू शकत नाही. अंमलबजावणी कडक असलेल्या ठिकाणी जास्त कर्ज म्हणजे लवकर आलेलं चांगलं तंत्र. अंमलबजावणी ढिली असलेल्या ठिकाणी तेच जास्त कर्ज म्हणजे अधिक यंत्रं आणि अधिक सांडपाणी.

कायदा आणि बँक एकमेकांना भेटतात अशी एक जागा मात्र आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं तिकडे लक्ष जात नाही. ती म्हणजे बँक हमी. संमतीपत्र देताना मंडळ कारखान्याकडून बँक हमी मागतं. अटी मोडल्या तर ती जप्त करायची. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की मंडळांना पर्यावरणाच्या हानीची भरपाई आणि अशी हमी मागण्याचा अधिकार आहे. हमी जप्तीचं पत्र आलं की बँकेला पैसे ताबडतोब द्यावे लागतात, मग ती पक्षकाराच्या मागे लागते. त्या दिवशी प्रदूषण हा शाखाधिकाऱ्याचा स्वतःचा प्रश्न होतो. अडचण रकमेची आहे. हमीची रक्कम वर्षभर ईटीपी न चालवून वाचणाऱ्या पैशापेक्षा कमी असली, तर मालक ती फी समजून चालतो. माझ्या मते हमी किमान ईटीपीच्या वर्षाच्या चालू खर्चाएवढी हवी आणि उत्पादन वाढलं की आपोआप वाढायला हवी.

चीननं 2007 साली एक पाऊल उचललं. तिथलं पर्यावरण खातं, मध्यवर्ती बँक आणि बँक नियामक यांनी मिळून प्रदूषण करणाऱ्या उद्योगांची माहिती बँकांच्या कर्जविषयक माहितीशी जोडायला घेतली. 2012 मध्ये त्यावर हरित कर्जाची मार्गदर्शक तत्त्वं आली. आपल्याकडे तीन हजारांचा मोबाइलचा हप्ता चुकला तर सिबिलमध्ये दिसतो. त्याच माणसाच्या कारखान्याला दोनदा बंदची नोटीस आलेली असली तरी तिथं काही दिसत नाही. नवी बँक स्वच्छ अहवाल बघून कर्ज देते. यासाठी नवा कायदाही लागू नये असं मला वाटतं. दोन संस्थांनी माहिती एकमेकींना द्यायची आहे.

आता तुमच्याच तालुक्याबद्दल, कारण शिरोळमध्ये कारखान्याचं पाणी हा अर्धाच प्रश्न आहे. पीककर्ज देताना जिल्हा बँक आणि विकास सोसायटी उसाला झुकतं माप देतात. उसाचं एकरी कर्जमान मोठं असतं आणि वसुली ऊसबिलातून परस्पर कापून होते, शेतकऱ्याच्या दारात जावंच लागत नाही. बँकेच्या दृष्टीनं याहून सुरक्षित पीक नाही. भाजीपाल्याला किंवा कडधान्याला असा वसुलीचा मार्ग नाही, म्हणून त्याला तेवढं कर्ज नाही. कर्ज वसूल करायच्या सोयीनं पीक ठरतं, पिकानं पाणी ठरतं, खत ठरतं. जास्तीच्या पाण्यानं शिरोळ-वाळव्याच्या जमिनी क्षारपड झाल्या, हे तुम्ही घरच्या मंडळींकडून ऐकलंच असेल. यात कुठंही चिमणी नाही, नळीतून सोडलेलं काळं पाणी नाही, म्हणून ‘कर्जामुळे झालेलं प्रदूषण’ म्हणून ते मोजलं जात नाही. मला हा भाग सर्वांत कमी अभ्यासलेला आणि म्हणून प्रबंधासाठी सर्वांत मोलाचा वाटतो.

घरांच्या कर्जाचं थोडक्यात सांगतो. दुचाकी, एसी, फ्रिज हप्त्यावर मिळू लागले की विजेची आणि इंधनाची मागणी वाढते. त्यावर फारसा वाद नाही. वाद झाला तर एवढाच की पंख्याशिवाय दिवस काढलेल्या माणसाच्या पहिल्या एसीला आपण प्रदूषण म्हणावं का. मी म्हणणार नाही. त्याची भरपाई इतरत्र शोधावी.

शहरांच्या सांडपाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पंचगंगेत कारखान्यांइतकंच, पाण्याच्या प्रमाणात बघितलं तर त्याहून जास्त, शहरांचं मैलापाणी येतं. कोल्हापुरात, शहराचं मैलापाणी नदीत आणणाऱ्या जयंती नाल्याचं नाव निघालं की सगळ्यांना कळतं. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. ती रंगाच्या रसायनांची नव्हती, पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याची होती. इथं वित्तीय विकासाची असमानता उघडी पडते. पुणे महापालिकेनं 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले. पिंपरी-चिंचवडनं 2025 मध्ये 200 कोटींचे हरित, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे, रोखे काढले. इंदूरनं 2023 मध्ये सौर प्रकल्पासाठी 244 कोटी थेट लोकांकडून उभे केले. ज्या पालिकेचा मिळकतकर चांगला, पत चांगली, तिला बाजार पैसा देतो. इचलकरंजी महापालिका झाली तीच 2022 मध्ये. तिच्यासारख्या शहराला अनुदानाची वाट बघावी लागते, आणि अनुदान प्लँट बांधायला मिळतं, चालवायला नाही. ईटीपीचीच गोष्ट मोठ्या आकारात.

शेअर बाजाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रबंधात येईल म्हणून सांगतो. राल्फ डी हास आणि अलेक्झांडर पोपोव्ह या अर्थशास्त्रज्ञांचं काम जरूर वाचा. त्यांना असं दिसलं की ज्या अर्थव्यवस्था बँकांपेक्षा शेअर भांडवलावर जास्त चालतात, त्यांचं दरडोई कार्बन उत्सर्जन कमी असतं. भांडवल कमी प्रदूषक उद्योगांकडे वळतं आणि प्रदूषक उद्योगही नव्या तंत्रावर जास्त खर्च करतात, असं त्यांचं कारण. कर्ज विभागात बसलेल्या माणसाला हे लगेच पटतं. बँकेला तारण लागतं. जमीन, शेड, बॉयलर, भट्टी हे तारण आहे. प्रदूषण कमी करायची नवी पद्धत हे तारण नाही. शिवाय आमच्या पैशानं उभी असलेली जुनी भट्टी कर्ज फिटण्याआधी भंगार ठरावी, असं कुठल्या बँकेला वाटेल? हे कुणी उघड बोलत नाही, पण नव्या तंत्राचा प्रस्ताव जुन्या कर्जाच्या टेबलावरच येतो. तरीही हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका. इचलकरंजीतलं प्रोसेस हाऊस भागीदारी संस्था असतं, खर्चीवाला यंत्रमागधारक तर मजुरीवर दुसऱ्याचं कापड विणतो. त्यांना शेअर बाजार कधीच भेटणार नाही.

हरित वित्ताच्या नव्या चौकटींचंही तेच. केंद्रानं जानेवारी 2023 मध्ये पहिले सार्वभौम हरित रोखे काढले. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट त्याच वर्षी 1 जूनपासून लागू झाली. सेबीनं शेअर बाजारात सूचीबद्ध सर्वांत मोठ्या 1,000 कंपन्यांना पर्यावरणाची माहिती जाहीर करायला लावली. हे सगळं हवंच होतं. पण मोठी कंपनी आपलं ओलं काम, म्हणजे धुणं, रंगवणं, प्लेटिंग, बाहेर जॉबवर्कला देते आणि तिचा अहवाल स्वच्छ येतो. घाण सरकून ज्याच्याकडे कमी कर्ज आणि कमी देखरेख आहे त्याच्याकडे जाते. तुम्ही फक्त सूचीबद्ध कंपन्यांचा डेटा घेतलात तर वित्तीय विकासानं प्रदूषण घटलं असंच उत्तर मिळेल आणि ते अर्धवट असेल.

तर प्रबंधासाठी माझा सल्ला असा. देशपातळीचे आकडे सोडा, पंचगंगेचं खोरं घ्या. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत जिल्हानिहाय आणि व्यवसायनिहाय कर्ज मिळतं. त्यात शेती, उद्योग आणि वैयक्तिक कर्ज वेगळं काढा, एकत्र करू नका. नदीच्या पाण्याची मोजमापं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ठिकाणवार असतात, त्यातला बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) आणि विरघळलेला ऑक्सिजन घ्या. वर्षाची सरासरी काढू नका, कारण पावसाळ्याचं पाणी सगळं धुऊन टाकतं आणि सरासरी छान दिसते. गळीत हंगाम आणि त्यानंतरचा एप्रिल-मेचा कमी पाण्याचा काळ वेगळा बघा. बंदच्या आदेशांच्या तारखा मिळवा आणि त्याआधी व नंतर कर्ज आणि पाणी दोन्हींत काय फरक पडला ते तपासा. कर्ज आणि कायदा यांचं नातं सापडलं तर तिथंच सापडेल.

आणि शक्य झालं तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा: इचलकरंजीतल्या किती प्रोसेस हाऊसच्या ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर आहे, आणि गेल्या तीन वर्षांचे त्यांचे महिनावार युनिट किती. मंदीच्या महिन्यांत कापडाचं उत्पादन आणि हे युनिट सारख्याच प्रमाणात उतरले, की युनिट आधी आणि जास्त उतरले, हे पाहा. उत्तर आलं तर मलाही कळवा, मला ते खरोखर बघायचं आहे.